अण्णांचा अंगठा

आमच्या ऑफिसात माझं नाव नातेपुते आहे. खरं नाव पूजा; नातेपुते हे माझं गाव. पण मी कामाला लागले त्याच आठवड्यात मोडनिंबची आणखी एक पूजा लागली आणि रेवणअण्णांनी आम्हा दोघींना टेबलासमोर उभं केलं. "दोन पूजा एका खोलीत चालायच्या न्हाईत," ते म्हणाले. "एकीला हाक मारली की दोघी वळणार. एकीचं वळणं फुकट जातंय की. तू नातेपुते, तू मोडनिंब. झालं." आणि खरंच झालं. तीन वर्षं होऊन गेली, आता मालकसुद्धा मला नातेपुते म्हणतात. एकदा माझा मोबाइल लागेना म्हणून आईनं ऑफिसच्या फोनवर फोन केला आणि पूजा आहे का विचारलं. अण्णा म्हणाले, "पूजा कोण न्हाय हितं. नातेपुते हाय." आई म्हणाली, "आवो, आमी नातेपुत्यातनंच बोलतुया." "मग बरोबर लागलाय," अण्णा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

रेवणअण्णा म्हणजे रेवणसिद्ध बिराजदार. ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर, अक्कलकोटच्या पलीकडचे. घरची भाषा कानडी, बाहेरची मराठी, आणि रागावले की दोन्ही. अंगात रोज आकाशी शर्ट. एकच आहे की काय अशी मला पहिले काही दिवस शंका होती. मग कळलं की पाच आहेत, एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले. दुपारच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही रोज. एकच गोष्ट दोन जागी, किंवा एकाच कामाला दोन गोष्टी, हे त्यांना सहन होत नाही. असं काही दिसलं की ते थांबतात, दोन्हींकडे आळीपाळीनं बघतात आणि म्हणतात, "ओंदे साकु." कानडीत याचा अर्थ, एकच पुरे. हे शब्द आले की समजावं, दोघांपैकी एकाचे दिवस भरले.

ऑफिसात भिंतीवर दोन घड्याळं होती, एक आत, एक बाहेर. अण्णांनी आतलं उतरवलं. आता वेळ बघायची तर उठून बाहेर जावं लागतं. तक्रार केली तर म्हणाले, "उठणं होतंय, गुडघ्याला बरं." चहाची पूड आणि साखर त्यांनी एका डब्यात घातली, कारण पातेल्यात दोन्ही एकत्रच पडतात की. हा डबा दीड वर्ष सुखानं चालला. मग मालकांना मधुमेह निघाला आणि त्यांच्यापुरती साखर वेगळी काढायची वेळ आली. ती काय चाळणीनं निघते? डबे पुन्हा दोन झाले. त्या दिवशी अण्णांनी चहा घेतला नाही.

वाढदिवसांचंही त्यांनी एकत्रीकरण केलंय. त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जून; म्हणजे खरी कुणालाच ठाऊक नाही, शाळेत घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला जी दिली ती. तीच त्यांनी आम्हा सगळ्यांना लावली. सात माणसं, सात केक, सात वेळा टाळ्या कशाला? एक जूनला एक केक, त्यावर नाव कुणाचंच नाही. माझा वाढदिवस जानेवारीत असतो. पण गेली तीन वर्षं मी जूनमध्ये मोठी होते.

तरी या माणसाचं खरं रूप बघायचं तर त्यांना कोड लिहिताना बघावं. लिहिताना म्हणण्यापेक्षा खोडताना. आमचं ऑफिस सोलापुरात, होटगी रोडला एका बेकरीच्या वर आहे. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर करतो. कारखान्यात डिझाइनच्या फाइली असतात; आज कुणी एक फूल काढतं, उद्या दुसरा त्याच्या पाकळ्या बदलतो, परवा गिऱ्हाइकाला पहिलंच फूल हवं असतं. कुणी, कधी, काय आणि का बदललं हे सगळं आमचं सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं आणि मागाल ते जुनं रूप काढून देतं. त्याचा स्वतःचा कोडही आम्ही त्याच्यातच ठेवतो. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, ती लिहिणाऱ्याचं नाव शेजारी उमटतं.

अशा कोडमध्ये मोठी कामं थोडी आणि हाताखालचे मदतनीस फार. स्वयंपाक करणारी एक, पण लसूण सोलून देणारी वेगळी, कणीक मळून देणारी वेगळी, तसे हे मदतनीस, म्हणजे एकेकच काम करणारे कोडचे छोटे तुकडे. वर्षं गेली, माणसं बदलली की होतं असं, की लसूण सोलणाऱ्या तिघी निघतात. एकीला दुसरीचा पत्ता नसतो. अण्णांचं आयुष्य अशा तिघींची एक करण्यात गेलं. दुपारी दोन मदतनीस शेजारी शेजारी उघडायचे, "हे आन ते एकच की" म्हणायचं आणि एक काढून टाकायचा. टायपिंगचा आवाज खाली बेकरीत जाईल एवढा. बोटं हलकी, पण उजवा अंगठा प्रत्येक शब्दानंतर स्पेसबारवर दाणकन आपटणार. शेवटच्या शब्दानंतरसुद्धा, जिथं जागा सोडायचं काही कारण नाही तिथंही. मोडनिंब म्हणायची, अण्णा प्रत्येक शब्दाखाली अंगठा उठवतात.

त्यांचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून उगीच वाटायचा. कुणाच्याही ओळी काढल्या की त्या माणसाला आपोआप मेल जाते, काढणाऱ्यानं जे कारण लिहिलं असेल त्या कारणासकट. मग तो माणूस शेजारच्या खुर्चीत असो की केव्हाच नोकरी सोडून गेलेला असो. गेलेल्याला कशाला कळवायचं, असं मी विचारलं होतं. "त्यानं लिव्हलंय की," अण्णा म्हणाले आणि विषय संपला.

आता मूळ गोष्ट. गेल्या हिवाळ्यात मला कोडमध्ये दोन मदतनीस सापडले. एक 'क्लीन पाथ', एक 'फिक्स पाथ'. दोघांचं काम एकच: फाइल कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावानं आहे तो पत्ता घ्यायचा आणि नीटनेटका करून पुढं द्यायचा. पहिला चौदा ओळींचा, अण्णांनी लिहिलेला. दुसरा सोळा ओळींचा, आणि नाव मुश्ताक शेख. मुश्ताकभाई हे मला ऐकून माहीत होते. ऑफिस सुरू झालं तेव्हा कोड लिहिणारे दोघंच होते, अण्णा आणि ते. मी यायच्या आठ वर्षं आधीच ते सोडून गेलेले. अख्ख्या कोडमध्ये त्यांच्या नावाच्या या एवढ्याच सोळा ओळी उरल्या होत्या.

मी उड्या मारत अण्णांकडे गेले. वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय, हाय तसं. आज नगं, आज अमावस्या हाय." पंधरा दिवसांनी विचारलं तर मालक गावाला गेले होते. पुन्हा विचारलं तर, "ऊन लई हाय, उन्हाळा सरू दे." दोन घड्याळं ज्यांना सोसली नाहीत, ते अण्णा या दोघांना अकरा वर्षं सोसत होते! मला वाटलं, वय झालं. आता सांगायला लाज वाटते, पण मला त्यांची थोडी कीवच आली. तेवीस ठिकाणी वापर बदलावा लागणार, त्याचा धसका घेतला असेल, आपण करून टाकू, असं मी ठरवलं.

एरवी प्रत्येक बदल अण्णांच्या नजरेखालून जातो. हा मी मोडनिंबकडून मंजूर करून घेतला, कारण ही एक जूनची भेट होती. 'फिक्स पाथ' काढला, तेवीस ठिकाणी 'क्लीन पाथ' लावला. काढताना त्यात शेवटी दोन जास्तीच्या ओळी दिसल्या, शेजारी इंग्रजी अक्षरांत काहीतरी हिंदीसारखं लिहिलेलं, अंगूठा वगैरे. कोडमध्ये लोक काय वाटेल ते लिहून ठेवतात. मी सोडून दिलं. कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं, 'जास्तीचा होता, काढला.'

केक आला. अण्णांच्या हातात सुरी दिली आणि मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, ओंदे साकु!" मी म्हणाले, आणि सगळे हसले. अण्णांनी वाचलं. सुरी केकवर न लावता बाजूला ठेवली.

"मेल गेली?"

"कसली?"

"मुश्ताकला. आपोआप जाती की."

"गेली असेल."

"काय लिव्हलंस?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, केक कापला, सगळ्यांना तुकडे दिले, मोडनिंबला दोन दिले, आणि आपला न खाताच खुर्चीत जाऊन बसले. त्या दुपारी अंगठ्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी धीर करून विचारलं. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मुश्ताकभाई एकदा ईदसाठी आठवडाभर रजेवर होते. अण्णांना मोकळा वेळ मिळाला. त्यांनी मुश्ताकभाईंचे सगळे मदतनीस काढून त्यांची कामं आपल्या मदतनिसांना लावून टाकली. काम चोख झालं, कोड निम्मा झाला. मुश्ताकभाई शिरखुर्म्याचा डबा घेऊन परत आले, खुर्चीत बसले, फाइली उघडल्या. प्रत्येक ओळीवर रेवणसिद्ध. "तो येवढंच म्हनला, 'अण्णा, मेरा नाम कहाँ गया?' मी म्हनलं, दोनदोन कशाला, ओंदे साकु. उठून गेला. डबा तसाच टेबलावर."

त्यानंतर महिनाभर दोघं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, न बोलता काम करत होते. त्या महिन्यात पत्ता नीट करायची गरज दोघांनाही पडली आणि एकमेकांना न विचारता दोघांनी आपापला मदतनीस लिहिला. म्हणून ते दोन. महिन्यानं मुश्ताकभाईंनी नोकरी सोडली. त्यानंतर अण्णांनी मेलचा नियम घातला.

"कुठं असतात आता ते?"

"हितंच की, सोलापुरात. विजापूर वेशीच्या आत, गल्लीत घर हाय."

मला हसावं की रडावं कळेना. दोन मैलांवर! "मग अकरा वर्षांत जायचं नाही का एकदा?"

"काय काम सांगू?" अण्णा म्हणाले. "कामाबिगर मी कुणाकडं जात न्हाय. म्हून ते दोन तसंच ठेवलं व्हतं. एक दिस जायाचं आन विचारायचं, हे आन ते एकच हाय, मर्दा, तुजं ठेवू का माजं? येवढं एक काम व्हतं माज्याकडं."

आणि ते मी केक कापायच्या आधी उरकून टाकलं होतं. वर त्यांच्यातर्फे निरोपही धाडला होता, जास्तीचा होता, काढला.  मी म्हणाले, अण्णा, आपण हा बदल नोंदीतूनच पुसून टाकू, झालाच नाही असं करू. तर म्हणाले, "कारखानदारास्नी सांगतो की आपुन, हितं काय बी पुसलं जात न्हाय. आन आपुनच पुसायचं?" त्यांनी डबा बंद केला. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी एका कारखान्यातून फोन आला. त्यांच्या जुन्या टॉवेलचं डिझाइन उघडेना. मग दुसऱ्याचा फोन, तिसऱ्याचा. सगळी जुनी डिझाइनं, आणि सगळ्या फोल्डरांची नावं एकेकाळी अण्णांनी स्वतःच्या हातानं घातलेली. मी तासभर डोकं फोडलं. मग एका नावाच्या शेवटी कर्सर नेला तर तो एक घर पुढं जाऊन थांबला. नावापुढं एक रिकामी जागा होती. दुसऱ्या नावापुढंही होती. सगळ्याच नावांपुढं होती. डोळ्याला न दिसणारी, अंगठा आपटून उमटलेली.

'क्लीन पाथ'ला ती जागा कळत नव्हती. कळणार कशी, लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हती. 'फिक्स पाथ'ला कळत होती. मी काढलेल्या सोळा ओळी पुन्हा उघडल्या. त्या शेवटच्या दोन ओळी फक्त एवढंच करत होत्या, नावापुढची रिकामी जागा गुपचूप पुसायची. आणि शेजारी मुश्ताकभाईंनी लिहून ठेवलं होतं, 'अण्णा के अंगूठे के वास्ते.'

मी अण्णांना हाक मारली. अकरा वर्षं ते त्या ओळींपुढचं नाव बघत आले होते, ओळी त्यांनी कधी वाचल्याच नव्हत्या. आता चष्मा पुसून वाचल्या. मग उजवा हात उलटा करून अंगठ्याकडे बघितलं.

"बोलत नव्हता," ते म्हणाले. "महिनाभर त्वांड फिरवून बसला व्हता. आन माजं निस्तरत व्हता."

ते उठून बाहेरच्या घड्याळात वेळ बघून आले. परत आले तेव्हा म्हणाले, "नातेपुते, ह्याची प्रिंट काढ. आता काम हाय."

माझ्या स्कूटीवर मागं बसून, घडी घातलेला कागद आकाशी शर्टाच्या खिशात ठेवून अण्णा निघाले. गल्लीच्या तोंडाशी उतरून शर्ट खाली ओढला. विचारायचं काय ते वाटेत दोनदा म्हणून बघितलं होतं: हे तुजं बरोबर हाय, माजं काढू ना? घर हिरव्या दाराचं. दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर धूळ. शेजारच्या दारातून एक बाई डोकावल्या.

"मुश्ताकभाई? वो तो कब के गए. बेटी के पास, हैदराबाद. दो साल हो रहे."

 बाई आत जाऊन फोन नंबर घेऊन आल्या. अण्णांनी तो त्याच कागदाच्या मागं लिहून घेतला आणि कागद पुन्हा खिशात घातला. परत येताना सिग्नलला मागून त्यांचा आवाज आला. "मी रोज घरी जाताना ह्या वेशीवरनं जात न्हाय. वळसा घालतो, अर्ध्या तासाचा. दिसला तर काय बोलायचं म्हून." मग म्हणाले, "दोन वर्सं कुलपाला भिऊन वळसा घालत व्हतो की गं."

मी मागं वळून बघितलं नाही. सिग्नल सुटला होता, हे एक बरं.

फोन करा म्हणून मी पुष्कळ मागं लागले. "फोनवर कोड दिसत न्हाय," हे त्यांचं उत्तर. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी काम केलं. 'फिक्स पाथ' होता तसा परत आणला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणारा कोण आणि नोंदवणारा कोण, या दोन वेगळ्या चौकटी आहेत. एका कामाला दोन चौकटी कशाला, म्हणून अण्णाच त्या एक करायला निघाले होते, मालकांनी अडवलं म्हणून राहिल्या. त्यांनी लिहिणाऱ्यात मुश्ताक शेख घातलं आणि नोंदवणाऱ्यात स्वतःचं नाव. मग आपला 'क्लीन पाथ' काढला. लगेच त्यांच्याच मशीनवर मेल वाजली: तुमच्या ओळी काढण्यात आल्या आहेत. अण्णांनी ती दोनदा वाचली.

"बरं वाटत न्हाय हे वाचायला," ते म्हणाले.

कारणाची चौकट त्यांनी मला दाखवली, मंजुरीसाठी. लिहिलं होतं, 'तुझं ठेवलं. माझं काढलं. तुझंच बरोबर होतं, मुश्ताक ' आणि नावापुढं एक रिकामी जागा. एरवी असं काही दिसलं तर मी परत पाठवते. ते मी तसंच मंजूर केलं आणि मेल हैदराबादला, किंवा ती जिथं जाते तिथं, गेली.

याला आता चार महिने झाले. उत्तर आलेलं नाही. मेलचा पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा आहे. मुश्ताकभाई ती मेल आता उघडत असतील की नाही, कोण जाणे. चुकीच्या पत्त्यावरची मेल आमच्याकडे परत येते, आणि परत आलेल्या मेल बघायचं काम माझ्याकडे आहे. रोज चार वाजता अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. दुसरं काही विचारत नाहीत.

"आली का गं परत?"

"नाही, अण्णा."

"मग पोचली," अण्णा म्हणतात, आणि आपल्या जागेवर जाऊन बसतात.